परिशिष्ट पाच

शेफील्ड. जानेवारी. साडेतीनलाच दिवे लागलेले.
वर्ग अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारा,
कुस्तीच्या मैदानासारखा, फक्त लाल माती नाही.
ओकडेनबाई हवेत मधोमध हात फिरवतात:
खिडकीकडचे कंपनीच्या बाजूने,
दाराकडचे विरोधात.
मी खिडकीकडे बसते, ऊन येईल म्हणून.

केस अठरा पानांची.
'पश्चिम भारतातलं एक मध्यम शहर,
कापड रंगवण्याचा धंदा, एक ओढा.'
शहराचं नाव दिलेलं नाही.
परिशिष्ट तीनमध्ये तक्ता आहे,
सांडपाणी, तासागणिक,
आणि रात्री दोन ते चारच्या रकान्यांत
आकडा एकदम ताठ उभा राहतो.
व्हॉल्व्हची किल्ली कुणाच्या शर्टाच्या
आतल्या खिशात असायची, ते तक्त्यात नाही.
कपडे भिजवण्याआधी आई तो खिसा चाचपायची.

परिशिष्ट पाच: फोटो.
शाळेचं पटांगण, चाळीस मुली, चाळीस सायकली,
हँडलला फुगे.
त्यात मी नाही. माझी सायकल पुढच्या वर्षीची,
फोटो न काढता दिलेली,
मडगार्डवर कंपनीचं नाव.
तिच्यावरून रोज ओढ्याचा पूल ओलांडायचा.
सोमवारी पाणी किरमिजी, गुरुवारी मोरपंखी.
उद्याच्या रंगावर आम्ही चिंचांची पैज लावायचो.

कॅलम विचारतो, सायकली केवढ्याच्या
आणि पाणी शुद्ध करायला किती लागले असते?
इफेओमा म्हणते, पण मुली शाळेत गेल्या ना?
जिआयी ब्रँडच्या किमतीचा आलेख दाखवते,
चढता.
बाई म्हणतात, आपल्या डॉन नदीतसुद्धा
सॅमन परत आलेत, निराश होऊ नका.
कॅलम वहीतून मान वर काढत नाही.
'आजोबा माझे सुऱ्यांना धार लावायचे.
आधी कारखाने गेले, मग मासे आले.'
कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही.
चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बोलण्याला वीस टक्के गुण आहेत.
मी उठले कंपनीची बाजू मांडायला
आणि तोंडातून निघालं,
आमच्याकडे म्हणतात,
हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.
मग ते इंग्रजीत सांगताना
तुळशीची झाली पास्त्यावरची बेसिल,
हलवाई झाला केकवाला,
आणि दान कुणी कुणाचं केलं
हे चौथ्या वाक्यातही कळेना.
हशा झाला, मायेचाच.
बाईंनी 'भागधारक' आणि 'प्रतिष्ठा' यांच्यामध्ये
हिरव्या मार्करने लिहिलं 'बेसिल',
पुढे प्रश्नचिन्ह.

'ही तर आमची बाजू झाली,' दाराकडून कुणीतरी.
नाही, मी म्हणाले. मी कंपनीच्याच बाजूची.
ती सायकल नसती तर हायस्कूल नसतं,
हायस्कूल नसतं तर ही खुर्ची नसती.
आवाज माझा होता. जरा जास्तच स्वच्छ.
मतदान झालं.
तीन मतांनी आम्ही जिंकलो.

रात्री साडेदहाला फोन केला.
तिकडे पहाटेचे चार.
बाबा निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली,
अजून चार वाजेपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही.
काय शिकवलं आज?
वाद होता.
कोण जिंकलं?
तुमची कंपनी.
ते हसल्यासारखं खोकले.
चमचा कपात फिरला, थांबला.
'आकडे बरोबर होते का गं त्यात?'

मी परिशिष्ट तीन उघडून वाचून दाखवलं.
दोन ते तीन. तीन ते चार.
पलीकडे पंखा फिरत असावा,
एवढ्या थंडीतही ते लावतात, आवाजाची सवय.
'कमी लिहिलेत,' बाबा म्हणाले.